काळा गुलाब एप्रिलात गुलाबी का झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडला सातव्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी. नोव्हेंबरात एका नर्सरीतून ‘काळा गुलाब, एकदम ओरिजनल’ म्हणून आणलेलं रोप. जानेवारीत पहिलं फूल आलं ते इतकं गर्द, की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. आता एप्रिलात त्याच झाडावर लिंबाएवढी, जांभळट गुलाबी फुलं येतायत आणि पाकळ्यांच्या कडा करपतायत. नर्सरीवाल्याने फसवलं का, खालच्या खुंटाने (ज्या रानटी गुलाबावर कलम बांधतात त्याने) डोकं वर काढलं का, आणि झाड ठेवायचं की टाकायचं?

टाकू नका. फसवणूक झाली असेलच तर नावात, रंगात नाही. जानेवारीतलं फूल त्याच झाडाचं होतं आणि एप्रिलातलंही त्याचंच आहे. मी पार्ल्याला आमच्या इमारतीच्या गच्चीवर अठ्ठावीस वर्षं गुलाब लावतोय आणि त्यातला बराच काळ गर्द लाल गुलाबांच्या नादात घालवलाय. तेवढ्या अनुभवावर सांगतो: मुंबईत असा गुलाब त्याच्या सगळ्यात देखण्या फुलावरून जोखायचा नसतो. ते फूल निम्मं थंडीचं असतं. जात कळते ती फुलाच्या चौथ्या दिवशी, आणि मार्च-एप्रिलात.

आधी रंगाचं बघू. काळा गुलाब असा नसतोच. लाल गुलाबाच्या पाकळीत मुख्य रंगद्रव्य सायनिन. ते भरपूर साठलं आणि पाकळीचा पृष्ठभाग मखमली असला, की डोळ्याला काळपट भास होतो. ती मखमल म्हणजे पाकळीच्या वरच्या थरातल्या सुळक्यांसारख्या पेशी, त्यांच्या फटींत प्रकाश अडकतो. एक पाकळी तोडून उलटी करून बघा. मागची बाजू साधी, सपाट लाल दिसेल. काळेपणा सगळा आतल्या बाजूला.

सायनिनची खोड अशी की पेशीतला रस आंबट आहे तोवर ते लाल राहतं. फूल जुनं होऊ लागलं की रसाचा आंबटपणा उतरतो आणि लालात जांभळा मिसळायला लागतो. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून ते पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. तुमच्या गॅलरीत चार दिवसांत जे होतं, ते वाट्यांत चार सेकंदांत दिसेल. सुपर स्टारसारखे शेंदरी गुलाब (1960 साली आलेली ही जात आपल्याकडे घरोघरी होती) असे जांभळे पडत नाहीत, कारण त्यांचा रंग मुख्यतः वेगळ्या द्रव्याचा, पेलार्गोनिडिनचा असतो.

दुसरं कारण कळीतलं. कळी ज्या हवेत वाढते, त्यावर तिच्यात किती रंग साठणार हे ठरतं. गारव्यात कळी सावकाश मोठी होते, पाकळ्या जास्त, जाड आणि गर्द होतात. उकाड्यात ती घाईघाईने फुलते, रंग कमी, पाकळ्याही कमी. आणि मुंबईचा त्रास दिवसापेक्षा रात्रीचा आहे. जानेवारीत आपला पारा पहाटे सोळा-सतराच्या आसपास येतो, मे महिन्यात रात्रीही सत्तावीस. नाशिक-पुण्याला थंडीत तो दहा-बाराला जातो. म्हणून नाशिकच्या मामांच्या अंगणातला गुलाब आपल्या गॅलरीतल्या त्याच जातीच्या गुलाबापेक्षा दोन छटा काळा दिसतो. खतात फरक शोधत बसू नका, मी दोन वर्षं तेच केलं.

आता करपलेल्या कडा. इथे मात्र घाईने निदान करू नका, कारण दोन वेगळी दुखणी लांबून सारखीच दिसतात.

पहिलं ऊन. मार्चमध्ये समुद्राकडचा वारा उशिरा सुटतो, तोवर पूर्वेकडचा कोरडा वारा भाजून काढतो. एखाद्या दिवशी पारा अडतीस-चाळिसाला टेकतो. गर्द पाकळी फिक्या पाकळीपेक्षा जास्त तापते, त्यात तुमची गॅलरी पश्चिमेची. दुसरं म्हणजे फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. थंडी सरली की यांची चंगळ. ओळखायची रीत सोपी आहे. अर्धवट उघडलेलं फूल पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा टिचकी मारून झटका. पिवळट-तपकिरी, बारीक दोऱ्याच्या तुकड्यासारखं काही पळायला लागलं तर फुलकिडे. मग पाकळ्या उलगडून आत बघा, गर्द लालवर फिकट चंदेरी ओरखडे दिसतील. फिक्या गुलाबात हे डाग तपकिरी दिसतात, लालमध्ये ते आधी चंदेरी दिसतात म्हणून नवखा माणूस चुकतो. उन्हाचा मार असेल तर करपणं एकाच बाजूला, सूर्याकडे तोंड असलेल्या पाकळ्यांवरच असतं आणि आतल्या पाकळ्या धडधाकट असतात.

फुलकिडे निघाले तर आधी सगळ्या उघडलेल्या कळ्या-फुलं तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. मग निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोडा साबण फेसून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा. निळे चिकट सापळे टांगले तर कीड किती आहे हेही कळतं. ऊनच असेल तर मार्च ते मे कुंडी अशी सरकवा की दुपारी एकनंतर सावली मिळेल. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरतं. पश्चिमेच्या गॅलरीत सकाळचं ऊनच नसेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बाहेरच्या बाजूने लावा, झाडापासून हातभर लांब. चिकटून लावली तर आत भट्टी होते.

नावाचं आता. ‘काळा गुलाब’ हे जातीचं नाव नव्हे, ती विक्रीची हाक आहे. मुंबईत येणारी बरीच रोपं पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने ट्रकने येतात, वाटेत लेबलं गळतात, बदलतात. मी एकदा एका नर्सरीतून ‘पापा मेलँड’ या गर्द लाल जातीची पाच रोपं घेतली (फ्रेंच उच्चार ‘मेयाँ’सारखा, पण आपल्याकडे मेलँडच रूढ आहे). दीड वर्षानंतर हिशेब केला. दोन खरोखर पापा, दोन बहुधा मिस्टर लिंकन, आणि एक ख्रिश्चन डिओर, ज्याला ना काळेपणा ना वास. त्या डिओरची पाकळी उलटी केली की मागची बाजू फिकी दिसते, तिथे तो पकडला जातो. नर्सरीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “काका, लालच आहे ना?”

पापा आणि लिंकन गोंधळायला कारण आहे. ही सख्खी भावंडं. क्रायस्लर इंपीरियल आणि चार्ल्स मॅलेरिन या एकाच जोडीतून तीन प्रसिद्ध जाती निघाल्या: फ्रान्समध्ये मेलँड घराण्याची पापा मेलँड (1963), आणि अमेरिकेत स्विम व वीक्स यांच्या ओक्लाहोमा आणि मिस्टर लिंकन (दोन्ही 1964). आई क्रायस्लर इंपीरियल 1952ची, लॅमर्ट्स यांनी केलेली. पापा हे नाव त्या घराण्यातल्या आजोबांचं, अँत्वान मेलँड यांचं. ओक्लाहोमा तर 2004पासून त्याच नावाच्या अमेरिकन राज्याचं अधिकृत फूल आहे.

भावंडं असली तरी स्वभाव वेगळे. लिंकन उंच, सरळसोट वाढतो, देठ लांब, कळी सुरेख कलशासारखी, पण फूल पूर्ण उमललं की वाटीसारखं पसरतं आणि मधले पुंकेसर दिसतात. पाकळ्या पस्तिसेक. रंग तिघांत सगळ्यात उजळ, पिकलेल्या करवंदाकडे जाण्याआधीचा लाल म्हणा. ओक्लाहोमाची कळी गोलसर, पाकळ्या जास्त, फूल जड, कधी मानेत वाकतं. रंग फार गर्द, पण उन्हात जांभळेपणाही लवकर चढतो. पापाची कळी टोकदार, रंगाला तोड नाही, वास तर असा की गच्चीच्या दारातून कळावा. आणि झाड हट्टी. फुलं मोजकी, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पहिली त्याच्यावर बसते, पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी पानं गाळून नुसत्या काड्या उरतात. मुंबईत मी पापा लावणं बंद केलंय. मित्रांना हे पटत नाही, त्यांच्या गच्च्यांवर जानेवारीतली एक-एक फुलं पाहून मलाही थोडं वाईट वाटतं, पण वर्षाचे अकरा महिने आजारी झाडाची शुश्रूषा करायचं माझं वय गेलं.

तुमच्या वर्णनावरून (उंच फांद्या, वास भरपूर, फूल उघडल्यावर वाटीसारखं) तुमचा लिंकन असावा. पक्कं सांगायला मला डिसेंबरचं फूल हातात घ्यावं लागेल. फोटो पाठवू नका. फोनचा कॅमेरा गर्द लालची नुसती वाट लावतो, सगळं एकाच चपट्या लालमध्ये लोटतो.

खुंटाच्या फुटीबद्दल. ‘सात पानांची फांदी (एका देठावर सात छोटी पानं) म्हणजे रानटी’ हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. हा नियम चुकीचा आहे. चांगल्या जोमात असलेल्या हायब्रिड टीच्या (लांब देठावर मोठं फूल देणाऱ्या आपल्या नेहमीच्या गुलाबांच्या) फांदीलाही सात पानं येतात. मी असल्या सल्ल्यापायी एक उत्तम फूट कापून टाकलेली आहे. पान मोजू नका, फूट कुठून निघाली ते बघा. खोडाच्या तळाशी जिथे डोळा भरलाय, म्हणजे कलम बांधलंय, तिथे गाठ असते. माती बोटाने बाजूला करा. गाठीच्या वरून निघालेली फूट आपली, खालून किंवा मुळातून निघालेली खुंटाची. खुंटाची असेल तर कात्री लावू नका, उगमापर्यंत माती काढून खाली ओढून उपटा. कापली तर तिथून तीन येतात. गाठीभोवती प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर ती ब्लेडने सोडवा, नाहीतर खोडात रुतते.

आता मूळ मुद्दा, पारख कशी करायची. यासाठी वही लागते. मी शाळेची दोनशे पानी वही वापरतो आणि प्रत्येक झाडाला दोन पानं देतो. छाटणीची तारीख, कळी दिसल्याची, रंग दिसल्याची, फूल उघडल्याची. देठाची लांबी. पाकळ्या किती, आणि हे फूल गळायला आल्यावर खरोखर मोजायचं, अंदाज नाही. वास दोनदा, सकाळी आठला आणि दुपारी तीनला, कारण काही जाती सकाळीच दरवळतात आणि दुपारी मुक्या होतात. मग पहिल्या ते पाचव्या दिवसाचा रंग.

रंग लिहायचा कसा हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. ‘गर्द’, ‘जरा कमी गर्द’ असं लिहून पुढच्या वर्षी काही कळत नाही. परदेशात यासाठी रंगतक्ते वापरतात, ते महाग. माझ्या बायकोने तोडगा काढला. भरतकामाच्या अँकरच्या धाग्याच्या लडीवर नंबर असतो. तिने लालपासून किरमिजीपर्यंतच्या नऊ लड्यांचे तुकडे वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवले, खाली नंबर. सकाळी आठ-साडेआठला, थेट उन्हात नाही आणि घरातल्या दिव्याखालीही नाही, गच्चीच्या सावलीत फूल पुठ्ठ्याजवळ धरायचं. पाकळीची आतली बाजू कुठल्या धाग्याशी जुळते तो नंबर लिहायचा. पहिल्या दिवशी एक, चौथ्या दिवशी एक. या दोन नंबरांमधलं अंतर म्हणजे त्या झाडाचं खरं प्रगतिपुस्तक. जानेवारीत सगळेच गुलाब त्या काळपट धाग्याशी उभे राहतात. मार्चमध्ये कोण तीन घरं घसरतो आणि कोण एकच, इथे निकाल लागतो. लाल टिकला तर जात भली, रंग थोडा फिका झाला तरी चालेल. लालाचं जांभळं झालं तर मला ते झाड नको.

प्रदर्शनाची पारख वेगळी. अमेरिकन रोझ सोसायटीची गुणपद्धत अशी आहे: आकाराचं सौष्ठव 25, रंग 20, देठ आणि पानं 20, पाकळीचा भरीवपणा 15, समतोल 10, फुलाचा मोठेपणा 10. एकूण शंभर. यात वासाला शून्य गुण आहेत. झाडाच्या तब्येतीलाही शून्य. टेबलावर ठेवलेलं अर्धं ते पाऊण उमललेलं एक फूल, बस. ते योग्यच आहे, टेबलावर परीक्षक झाड कसं बघणार? पण आपण घरात ते झाड वर्षभर बघतो, म्हणून ही पद्धत जशीच्या तशी गॅलरीत आणू नका. तिच्यातून एकच गोष्ट उचला, पाकळीचा भरीवपणा. बाहेरची पाकळी दोन बोटांत हलकेच धरा. ताज्या भेंडीच्या सालीसारखी ताठ लागली तर फूल टिकेल, ओल्या टिश्यू कागदासारखी लागली तर उद्या मान टाकेल. नायट्रोजन जास्त झाला की पाकळी आणि मान दोन्ही मऊ होतात. युरिया घालणाऱ्यांनो, तुमच्याशीच बोलतोय.

मग दादरच्या फूलबाजारातले ‘डच’ गुलाब आठवडाभर कसे लाल राहतात, असंही तुम्ही विचारलंय. त्या वेगळ्याच जाती. मावळातल्या पॉलिहाउसमध्ये टॉप सीक्रेटसारखी जी जात वाढवतात, ती टिकाऊपणासाठीच निवडलेली आहे. वास जवळजवळ नाही. माझ्या गच्चीवरचा लिंकन फुलदाणीत तीन दिवस, फार तर चार, पण दिवाणखान्यात कोणी पाऊल ठेवलं की विचारतं, कसला वास येतोय?

झाडाचं वर्षाचं वेळापत्रक थोडक्यात. मुख्य छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरका काप. कापाच्या मध्ये गर पांढरा दिसेपर्यंत खाली या, तपकिरी दिसला तर अजून खाली. फांद्या शेंड्याकडून वाळत येण्याचा रोग मुंबईत गर्द लाल गुलाबांना फार पिडतो आणि अर्धवट छाटणीतून तो पसरतो. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट. छाटल्यापासून पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फूल, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बहर. जानेवारीअखेर फुलं हवी असतील तर पहिला बहर काढताना, डिसेंबरच्या मध्यावर, पुन्हा छाटा. एका फांदीवर एकच कळी ठेवा, बाजूच्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच खुडा, उशीर केला तर देठावर व्रण राहतो.

माती: दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. कुंडी बारा इंचांपेक्षा लहान नको. महापालिकेचं तलावाचं पाणी गुलाबाला उत्तम. तुमच्या सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं खारट पाणी येत असेल तर पानांच्या कडा वाळतील आणि तुम्ही पुन्हा रोग शोधत बसाल. पाणी सकाळी, मातीला, पानांना नाही. काळ्या ठिपक्यांची बुरशी पानात शिरायला पान साधारण सात तास ओलं राहावं लागतं. जून ते सप्टेंबर ते कोरडं ठेवणं आपल्या हातात नाही, तरी कुंडी छज्जाखाली पण वाऱ्यात ठेवली तर निम्मा त्रास वाचतो. ठिपक्यांची पानं रोज वेचायची.

आता, एप्रिलात, जड छाटणी करू नका. नव्या कोवळ्या फुटी मे महिन्यात भाजतात. जी कळी येईल ती वाटाण्याएवढी झाली की खुडून टाका, जूनपर्यंत एकही फूल घेऊ नका. झाडाला पानं वाढवू द्या. तुम्हाला हे जड जाईल, मलाही जायचं. ऑक्टोबरात छाटा, डिसेंबर ते मार्च वही भरा, पुढच्या वर्षी पुन्हा भरा. दोन मार्च पाहिल्याशिवाय झाडाबद्दल मत देऊ नका. परदेशातल्या चाचणी बागांतही नवी जात साधारण दोन वर्षं बघतात, आपण त्यांच्यापेक्षा घाई करायचं कारण नाही.

आणि आज संध्याकाळी तो पांढरा कागद तेवढा घ्या. फुलकिडे निघाले तर शेजारच्या काकूंच्या मोगऱ्यावरही बघून या, तिथूनही आले असतील.